निरोगी – चार

चिठ्ठीवरचं अक्षर तिचंच होतं. ‘निरोगी – ४’. बोटाएवढ्या नळीत वाटाण्याएवढा यकृताचा तुकडा, बर्फातून काढल्यामुळे नळीला घाम फुटलेला... निरोगी कुणी ठरवलं? मीच. धान्याच्या गोदामात फवारणी झाली, आवारात पारवे मरून पडले, तुलनेला धडधाकट पारवे हवे होते, पकडणाऱ्यानं चार आणून दिले – आणि काही न विचारता मी चिठ्ठ्या लिहून मोकळी झाले.

कुठून आणले, ते आज चहाच्या वेळी कळलं.

“गोदामाच्याच छपरावरनं की! लांब कोण मरायला जातंय?” पकडणारा हसत म्हणाला.

म्हणजे तेही तेच दाणे टिपत होते. विष निवळवायला यकृतात वाढणारं विकर, म्हणजे एन्झाइम, मेलेल्यांत जेवढं, तेवढंच या चौघांत. म्हणून अहवालात ओळ तयार – ‘फरक नाही, सबब विषबाधा नाही’ – आणि खाली तिच्या सहीची जागा. सही झाली की उद्यापासून फवारणी पुन्हा सुरू. तिनं कपाटातली जुनी वही काढली. पिंजऱ्यात वाढलेल्या पारव्यांचे आकडे याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचे. चौघांची यकृतं रात्रंदिवस राबत होती, आणि त्या राबण्यालाच आपण ठणठणीत प्रकृती म्हणून बसलो...

“आमची धाकटी म्हणजे देवमाणूस हो, तिला काही म्हणजे काही लागत नाही,” जाऊबाई पाहुण्यांना सांगतात. वीस वर्षं ती ते कौतुक म्हणूनच घेत आली. परवा माहेरी थोरली बहीण सहज बोलून गेली, “केवढी भांडायचीस गं तू! घर डोक्यावर घ्यायचीस.” खरंच? मी? – आठवूनही आठवेना. त्या मुलीचे आकडे कुठल्या वहीत असतील?

“बाई, झालं का? ठोका सही. नॉर्मल आहे सगळं,” सर दारातूनच म्हणाले.

“नॉर्मल कशावरून, सर?”

आवाज चढला होता. सर बघतच राहिले. “अहो... तुम्ही कधीपासून...”

आता शरम येईल, तिच्या पाठोपाठ ‘सॉरी सर’ येईल – पेन हातात धरून ती वाट पाहत राहिली. नळीतला तुकडा गारठा उतरून मऊ पडत होता. शरम आली नाही. छातीत नुसती जळजळ होती, आणि ही एवढी तरी निवळू नये, असं तिला वाटलं.