यान चौदाचा अडकणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. अवकाशयानाचा. हे ऐकून कोणी सरसावून बसलं असेल तर त्याने पुन्हा मागे टेकावं, कारण मी प्लायवूडचा आहे. अंगावर चंदेरी रंग आहे आणि कडेने बाटल्यांची बुचं ठोकलेली आहेत. दुरून ती यानाचे खिळे वाटतात. जवळून ती बुचं वाटतात.

मला एका सुतारकाकांनी घडवलं. तेव्हा टीव्हीवर 'यान चौदा' नावाची मुलांची मालिका सुरू व्हायची होती, आणि काकांना हुकूम आला की सोमवारपर्यंत आपोआप सरकणारा दरवाजा पाहिजे. काकांनी मला रुळावर बसवलं, मागून एक दोरी बांधली आणि स्वतः माझ्यामागे स्टूल टाकून बसले. पुढून कोणी आलं की ते दोरी ओढायचे आणि तोंडाने 'फुस्स' करायचे. यालाच आपोआप म्हणत.

दुसऱ्याच भागात मी अडकलो. मला जिथे टेकवून ठेवायचे तिथे ओल होती, त्यामुळे माझी खालची कड फुगली. कप्तानाचं काम करणारे नट तावातावाने आले, काकांनी दोरी ओढली, 'फुस्स'ही झालं, पण मी अर्ध्यावर थांबलो. कप्तानांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यात एक लाथ घातली आणि म्हणाले, "जावईबापू, वाट द्या!" मी उघडलो. पुन्हा चित्रीकरण करायला वेळ नव्हता. ते तसंच दाखवलं गेलं.

पुढच्या आठवड्यात घरोघरची मुलं दरवाजांना लाथा मारू लागली. काही घरांत खरे जावई दचकले, असंही कानावर आलं. सुतारकाकांनी मात्र दुसऱ्याच सकाळी माझी कड रंध्याने तासली, रुळाला मेणबत्ती घासली, आणि उरलेल्या एकतीस भागांत मी एकदाही अडकलो नाही. हे कोणाच्याही लक्षात राहिलं नाही.

त्या मालिकेत होतं तरी काय, असं तुम्ही विचाराल. एका भागात असा ग्रह होता की तिथे आवाज एक दिवस उशिरा पोचायचा, त्यामुळे तिथली माणसं भांडण करून निवांत झोपायला जायची. दुसऱ्या एका भागात सगळ्यांची सावली संपावर गेली होती. प्रत्येक वेळी मी उघडायचो आणि पलीकडे काय असेल हे बघणाऱ्याला माहीत नसायचं. खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही शनिवारपर्यंत माहीत नसायचं. कोणाला काहीच आठवत नव्हतं, कारण आठवायला आधी काही घडलंच नव्हतं. तरी लोक बसून बघायचे.

मग मालिका संपली. मला गोदामात टाकलं. तिथून मला एका कौटुंबिक मालिकेत नेलं आणि तपकिरी रंग फासून स्वयंपाकघराचा दरवाजा केलं. चार वर्षं सुना माझ्याआडून चोरून ऐकत होत्या. नंतर मी बँकेचा दरवाजा झालो, तुरुंगाचा झालो, आणि शेवटी कपड्यांना इस्त्री करायचं टेबल झालो. यातल्या कशाचंही मला काही वाटलं नाही. दुःख व्हायला आत काहीतरी लागतं. माझ्या आत प्लायवूडच आहे.

मग तीस वर्षांनी एके दिवशी एक तरुण गोदामात आला, माझ्यावरची इस्त्री बाजूला केली आणि रडायला लागला. 'यान चौदा' पुन्हा निघणार होतं, नव्या झगमगाटात, आणि तो त्या कंपनीचा आठवणप्रमुख होता. हो, असं पद होतं. त्याच्या हाताखाली सहा माणसं होती. नियम असा होता की नव्या मालिकेत दर चार मिनिटांना जुन्या मालिकेतली एक आठवण आली पाहिजे. भागाला नऊ. कप्तानांचा चहाचा कप, जुन्या यंत्रमानवाचं डोकं, जुन्या गाण्याची शीळ. बिचारा यंत्रमानव दर भागात मागून नुसता डावीकडून उजवीकडे जायचा. तो कुठे निघालाय हे कोणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

माझा तपकिरी रंग खरवडला. खालचे जुने ओरखडे त्यात गेले, तर जुन्या फोटोवरून नवे ओरखडे काढले. त्या फोटोत माझ्या वरच्या कोपऱ्यात एक माशी बसलेली होती. तिचाही अभ्यास झाला. आता माझ्या अंगावर एक रंगवलेली माशी आहे. लोक तिचे वेगळे फोटो काढतात.

आणि मला मोटर बसवली. ती मोटर मला सरकवते, बरोबर अडीच सेकंद अर्ध्यावर अडकवते आणि मग उघडते. मोटर नीट अडकवते आहे ना हे सांगायला सुतारकाकांना बोलावलं. आता ते म्हातारे झाले होते. त्यांच्या छातीवर 'मूळ सुतार' असा बिल्ला लावला आणि त्यांना एका खुर्चीत बसवलं.

काकांनी मोटर चालू करून तीनदा बघितली. मग म्हणाले, "छान आहे. पण हे कशाला?"

"काका, हाच तर आत्मा आहे!" आठवणप्रमुख म्हणाला.

"अहो, ती माझी चूक होती. लाकूड फुगलं होतं."

"ती चूक नाही काका, ते आमचं बालपण आहे."

"तुमचं बालपण माझ्या चुकीवर उभं असेल तर मी आता काय करू? रंधा मारू?"

आठवणप्रमुख वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलं पाहिजे. त्याचा एक मोठा भाऊ होता. लहानपणी दोघं एका चादरीत बसून 'यान चौदा' बघायचे. मोठेपणी घर कोणाचं यावरून वाजलं आणि बोलणं तुटलं. तरी वर्षातून एकदा, वाढदिवसाला, भावाचा एक निरोप येतो. 'जावईबापू, वाट द्या.' एवढंच. मग हाही तेवढंच उलट पाठवतो. दोघांमध्ये आता तेवढीच वाट उरली होती आणि ती माझ्यातून जात होती. त्याच्या रडण्यात खोटं काही नव्हतं. पण तो रडला म्हणून सगळ्यांना दर चार मिनिटांना रडावं लागणार होतं.

आता लेखिकेबद्दल सांगतो. नव्या मालिकेचे भाग लिहिणारी लेखिका ही सुतारकाकांचीच मुलगी. पहिले तीन भाग तिने आठवणींची यादी समोर ठेवून निमूट लिहिले. चौथ्या भागात मात्र तिने एक प्रसंग असा लिहिला की तो यादीत नव्हता.

प्रसंग साधा होता. यानाला भोक पडलंय. यानाची मेकॅनिक ते बुजवायला बाहेरच्या खोलीत जाते. ती परत येणार नाही हे तिलाही माहीत आहे आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या मुलीलाही. मी उघडतो, मेकॅनिक आत जाते, मागे वळते, एक वाक्य बोलते, आणि मी बंद होतो. बस.

आठवणप्रमुखाने भागातल्या आठवणी मोजल्या. "आठच आहेत," तो म्हणाला.

"आठच राहू देत," लेखिका म्हणाली.

"एवढा दरवाजा आहे प्रसंगात. अडकवू या की! नऊ होतील."

"आई मरायला चाललीय. त्यात दरवाजा अडकला तर लोक हसतील."

"हसणार नाहीत ताई, टाळ्या वाजवतील."

"तेच तर म्हणतेय मी."

साहेबांकडे, म्हणजे कंपनीच्या मालकांकडे, बैठक झाली. साहेबांनी दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि अडकवायचं ठरवलं.

लेखिका घरी जाऊन हे बापाला बोलली असावी. कारण चित्रीकरणाच्या दिवशी काका खुर्चीतून उठले, बिल्ला खिशात घातला आणि 'जरा रूळ बघतो' म्हणून माझ्यामागे आले. मूळ सुताराला कोण अडवणार? त्यांनी मोटरची वायर काढली, खिशातली मेणबत्ती रुळावर घासली आणि मला मागून दोन्ही हातांनी धरलं.

दिग्दर्शकाने इशारा केला. मी उघडलो. मेकॅनिक आत आली, वळली आणि मुलीला म्हणाली, "खालचा व्हॉल्व्ह बंद केलास ना गं?"

"हो," मुलगी म्हणाली.

"मग झालं."

मी बंद झालो. कुठेही न अडकता, शेवटच्या बोटापर्यंत. दिग्दर्शक 'कट' म्हणायचं विसरला. सेटवर चाळीस माणसं होती, त्यांपैकी एकानेही टाळी वाजवली नाही.

लेखिका धावत माझ्यामागे आली. काका अजून मला धरूनच उभे होते.

"तुझी आई असं म्हणाली होती?" त्यांनी विचारलं.

"हो. ऑपरेशनला आत नेताना. गॅस बंद केलास ना गं, म्हणाली. तुम्ही खाली फॉर्म भरत होतात."

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत, बाबा."

काकांनी मला सोडलं. "केला होतास बंद?"

"नाही. संध्याकाळी घरी जाऊन बघते तर पातेलं कोळसा."

"ते पातेलं होय," काका म्हणाले. "तीन दिवस घासत होतो मी ते."

एवढंच बोलले दोघं. मी मध्ये नव्हतो, नुसता बाजूला होतो. पण तीस वर्षांत माझ्याजवळ कोणी काही खरं बोललेलं मला तेवढंच आठवतं.

आठवणप्रमुखाने वायर हातात घेऊन बघितली. तो कोणावर ओरडला नाही. "अडकला नाही," एवढंच म्हणाला, एखाद्या डॉक्टरने म्हणावं तसं. प्रसंग पुन्हा चित्रित करायला मेकॅनिकचं काम करणारी बाई तयार नव्हती. पुन्हा असं होणार नाही, म्हणाली. दिग्दर्शकही तिच्या बाजूने उभा राहिला. लेखिकेला वाटलं, जिंकलो.

चौथा भाग टीव्हीवर येण्याआधी एका मोठ्या सभागृहात दाखवायचा होता. मला तिथे नेऊन मंचावर, पडद्याच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून उभं केलं. त्यामुळे पडदा मला दिसत नव्हता, माणसं दिसत होती. पहिल्या रांगेत काका आणि लेखिका. सभागृह भरलेलं.

चहाचा कप आला, टाळ्या पडल्या. यंत्रमानव डावीकडून उजवीकडे गेला, शिट्ट्या पडल्या. मग तो प्रसंग आला. सगळे गप्प झाले. माझ्या सरकण्याचा आवाज आला. आणि मग आवाज थांबला.

कंपनीच्या माणसांनी मला संगणकावर अर्ध्यात अडकवलं होतं. अडीच सेकंद. मागोमाग जुन्या कप्तानांचा आवाज लावला होता. ते नट वारून अकरा वर्षं झाली होती, पण आवाज ठणठणीत होता. "जावईबापू, वाट द्या!"

सभागृह उठून उभं राहिलं. लोकांनी खुर्च्यांना लाथा मारल्या. अनोळखी माणसांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. आठवणप्रमुख भिंतीशी उभा राहून फोनवर ते चित्रित करत होता, बहुतेक भावासाठी, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. त्या गदारोळात मेकॅनिक आपलं वाक्य बोलली असेलच. मला ते ऐकू आलं नाही. कोणालाच आलं नाही. लोक खाली बसले तोवर मी पडद्यावर बंद झालेलो होतो आणि पुढचा प्रसंग विनोदी होता.

काका आणि लेखिका बसूनच होते. काकांनी तिच्या हातावर हात वगैरे ठेवला नाही. त्यांनी बिल्ला काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

नंतर माझ्यासमोर फोटोची रांग लागली. प्रत्येकाने यायचं, मला हलकेच लाथ मारायची आणि हसायचं. रांगेत लेखिकाही उभी राहिली. तिचा नंबर आला तसा फोटोवाला म्हणाला, "मॅडम, लाथ मारा आणि इकडे बघा."

तिने मला हाताने सरकवलं आणि ती आत गेली. त्या दिवशी दोनशे-अडीचशे माणसं माझ्यासमोर येऊन गेली, पण आत जायचं फक्त तिला सुचलं. मागे दीड हातावर भिंत होती आणि एक झाडू. तिच्यामागून काका शिरले आणि त्यांनी मला लोटून घेतलं. दोघं दाटीवाटीने उभे राहिले. बाहेर रांग कुरकुरू लागली.

"पाचवा भाग लिहिणार?" काकांनी विचारलं.

"नाही. त्यांच्याकडे यादी आहे, त्यांना लेखक लागत नाही."

"मग?"

"दुसरं काहीतरी लिहीन. कोणालाच आठवत नसेल असं."

"यान असेल त्यात?"

"माहीत नाही अजून."

"दरवाजा लागला तर सांग," काका म्हणाले. "नवा करून देतो. याचं आता काही खरं नाही."

मला राग आला नाही. सुताराचं मत होतं, आणि ते बरोबर होतं.

मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायचं असतं, म्हणून मागतो. माझी निगा उत्तम आहे. मला काचेत ठेवलंय, माशीची धूळ रोज मऊ ब्रशने झाडतात. मला जपा असं सांगण्यात अर्थ नाही, तुम्ही जपताच आहात. तुमचं प्रेमही खरं आहे, त्यावर मी शंका घेत नाही. फक्त कधी काच पुसायला काढलीच, तर माझ्यासमोर उभं राहून हसू नका. मला सरकवा आणि पलीकडे जा. पलीकडे सध्या भिंत आहे, हे मला ठाऊक आहे. पण मी नवा होतो तेव्हाही पलीकडे भिंतच होती.