रांगेतली घागर

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातला तो गुरुवार वडूजमध्ये इतर दिवसांसारखाच उजाडला. टँकर अकराला यायचा, पण आठपासूनच वेशीजवळ घागरींची रांग लागायची. घागर ठेवली की नंबर धरला. मग जो तो दुष्काळी कामावर खडी फोडायला नाहीतर पेठेत आपल्या कामाला निघून जायचा. दुसऱ्याच्या घागरीपुढं आपली सरकवायची नाही, हा नियम पेन्शनीत निघालेल्या नाथाजी हवालदारांनी घातला होता. पाणी शेवटच्या दहा-बारा घरांना पुरत नसे, तरी कुणी तो मोडला नव्हता.

हवालदारांची लेक शालन साताऱ्याच्या कॉलेजातून सुट्टीला आली होती. आई तापानं फणफणलेली, म्हणून तिला यायला उशीर झाला. रांगेपाशी कुणी नव्हतं. आपली घागर तिनं शेवटी ठेवली, मग पुन्हा उचलली आणि पुढं, मेहरुनबीच्या मडक्याच्या आधी नेऊन ठेवली.

टँकर आला. शालनची घागर भरली आणि पाणी संपलं.

बांगड्या भरणारी मेहरुनबी रिकाम्या मडक्याकडं बघत म्हणाली, "हवालदार, माझ्यापुढं शेजारच्या धुळाची घागर व्हती. ही न्हवती."

नाथाजींनी लेकीला विचारलंसुद्धा नाही. "माझी पोर असं करायची न्हाई," एवढंच म्हणाले. खोट्या तक्रारीला शिक्षा ठरलेली होती, आठ दिवस रांगेच्या शेवटी. मेहरुनबीनं मडकं काखेत घेतलं आणि ती गेली.

संध्याकाळी जेवताना शालन दोनदा बोलायला गेली. नाथाजीच म्हणाले, "म्हातारी खोटारडी न्हाई गं. वयानं विसरली आसंल. उद्या आपल्यातलं कळशीभर दे नेऊन." शालन "व्हय, तात्या" म्हणाली. सकाळी सांगू, असं तिनं ठरवलं.

सकाळी ती उठायच्या आधीच ते वेशीकडं गेले होते. वाकडी झालेली रांग नीट करता करता खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

तेरावा झाल्यावर शालन घागर घेऊन वेशीत आली. मेहरुनबीचं मडकं अजून सगळ्यात शेवटी होतं. आठ दिवस कधीच संपले होते. संपले म्हणून सांगणारा माणूस गेला होता. म्हातारीनं शालनच्या तोंडावरून हात फिरवला. "लय सच्चा माणूस गेला, पोरी."

टँकर येऊन उभा राहिला. पुढून चंद्राबाईनं हाक दिली, "शालन, तू पयली ये. हवालदाराची लेक हायस." बायकांनी घागरी मागं ओढून जागा केली.

शालन जागची हलली नाही. घागर तिनं मेहरुनबीच्या मडक्यामागं ठेवली, आणि पार टँकरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"चाची, तुमी खरं बोलला होता. त्या दिवशी घागर मीच पुढं ठेवली. तात्यांना हे मी सांगितलं नाही."