हातानं ठोकलेला आकडा

भिंगवाल्यांची एक पद्धत होती. गाडी बघायला गेले की ते गाडीकडे बघतच नसत. मालक कौतुकानं रंग दाखवायचा, सीटचं चामडं दाखवायचा, आणि हे सरळ बॉनेट उघडून आत डोकं खुपसायचे. रंगाचं काय, पैसे टाकले की कुणीही लावून देतं. जुन्या स्पोर्ट्‌स गाडीचा जीव इंजिनात, आणि इंजिनाची ओळख कारखान्यात त्याच्या अंगावर ठोकलेल्या सात आकड्यांत. हे आकडे कारखान्यातलेच की मागाहून कुणा भामट्यानं ठोकलेले, हे सांगणं हा भिंगवाल्यांचा धंदा. चाळीस वर्षं खिशात भिंग घेऊन फिरल्यामुळे त्यांचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागे. त्यांच्या डोळ्याखालून खोटा आकडा कधी सुटला नाही, असं लोक म्हणत. तेही ते नाकारत नसत.

त्या दिवशी सकाळी त्यांना घेऊन आला होता एक दातांचा डॉक्टर. पस्तिशीचा, उत्साही, लहानपणापासून दोन सीटच्या गाडीचं वेड डोक्यात घेतलेला. गाडी एका दुमजली घराच्या तळमजल्यावर, गॅरेजात होती. निळी, बुटकी, लांब नाकाची. विकायचं कारण मालकीणबाईंनी दारातच सांगून टाकलं.

"भाऊ, यांना अर्धांगवायू झालाय. जिना चढता येत नाही. सहा महिने बैठकीच्या खोलीत पलंग टाकलाय, पण येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात कुठवर ठेवू माणसाला? हे गॅरेज रिकामं झालं की इथे यांची खोली करायची. खिडकी पाडून घेणार आहे पूर्वेला."

"चांगलं केलंत, वहिनी," भिंगवाले म्हणाले आणि बॉनेटची कडी चाचपू लागले.

पण वहिनींचं बोलणं संपलं नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी दुसरा एक तपासनीस येऊन गेला होता. त्यानं पाच मिनिटांत निकाल दिला की आकडा बनावट आहे, आणि जाता जाता गावभर सांगितलं. जुन्या गाड्यांचा जो क्लब मालकांनी स्वतः उभा केला होता, त्याच क्लबाचं पत्र आलं: चौकशी होईपर्यंत आपलं नाव यादीतून काढत आहोत.

"किमतीचं तुम्ही दोघं बघा," वहिनी म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, यांनी ते केलंय का? यांना विचारावं तर वाचा गेली. मान हलवतात, पण चहा हवा का विचारलं तरी तशीच, नको का विचारलं तरी तशीच. काय समजायचं मी?"

भिंगवाल्यांनी मान डोलावली. असल्या बायका त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या. नवरा देवमाणूस म्हणून सांगायच्या, आणि आकडा निघायचा आदल्या वर्षी ठोकलेला.

त्यांनी फडकं रॉकेलमध्ये बुडवलं आणि इंजिनाच्या मुख्य ओतीव भागाच्या, ब्लॉकच्या, पुढच्या कडेवरचा चिकटा पुसून काढला. टॉर्च आडवी धरली, भिंग लावलं. कारखान्यातल्या यंत्रानं आकड्याच्या त्या पट्टीवर सरळ बारीक रेघा उमटायला हव्या होत्या. इथे रेघा गोल होत्या. म्हणजे ब्लॉकचं तोंड कधीतरी मशीनवर घासून सपाट केलेलं, आणि त्या घासण्यात मूळचा आकडा गेलेला. मग हा कुणी ठोकला? त्यांनी भिंग एकेका आकड्यावरून सरकवलं. आकडे सुबक होते, एका ओळीत बसावेत म्हणून खाली टोच्यानं रेघ मारून घेतली होती. फक्त तीनचा ठसा दोनदा पडला होता. पहिल्या घावाला आकडा ठोकायचा पंच निसटलेला, मग तो नीट धरून पुन्हा मारलेला.

भिंगवाले दोन मिनिटं तसेच वाकून राहिले. मग त्यांनी भिंग पुसलं, खरं तर ते स्वच्छच होतं, आणि पुन्हा पाहिलं.

माणसाला आपलं अक्षर ओळखू येतं. तो तीन त्यांनीच ठोकला होता.

तेव्हा ते बावीस वर्षांचे होते आणि एका मशीन शॉपमध्ये मोठ्या मिस्त्रींच्या हाताखाली काम करत होते. गाडी त्यांनी पाहिलीच नव्हती, नुसतं इंजिन आलं होतं टेम्पोतून. तोंड घासण्याआधी आकड्यावर कागद ठेवून, पेन्सिल फिरवून छाप घ्यायचा, घासून झालं की जागा कोरी सोडायची आणि मालकाला तसं लिहून द्यायचं, हा मिस्त्रींचा कायदा. "पुसलेला आकडा पुन्हा मारायचा नाही. हेतू चांगला असला तरी नाही," असं ते दर वेळी बजावत. पण मिस्त्री दोन दिवस बाहेरगावी होते, इंजिन संध्याकाळी न्यायला येणार होते, आणि भिंगवाल्यांना वाटलं की कोरी जागा बघून गिऱ्हाईक बोंब मारेल. शिवाय हातही शिवशिवत होते. छापावरून हुबेहूब आकडे उतरवले, तीनपाशी हात चुकला, वर ग्रीस फासलं आणि छापाचा कागद भट्टीत टाकला. मिस्त्रींना ते कधी कळलं नाही. मालकाला तर कळायचं कारणच नव्हतं.

पुढे खोटे आकडे पकडण्यात त्यांचा हात कुणी धरू शकलं नाही, यात नवल ते काय? चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

"काय निघालं, काका?" डॉक्टरनं विचारलं.

"हातानं ठोकलेला आहे."

"वाटलंच मला," डॉक्टर म्हणाला, पण त्याचा चेहरा काही पडला नाही. "असू दे. गाडी आवडलीये मला. तुम्ही तेवढं लिहून द्या, कोणी ठोकला ते माहीत नाही म्हणा, मी भाव उतरवून घेतो. तुमचंही काम झालं, माझंही."

म्हणजे सुंठीवाचून खोकला गेला. लिहायचं एकच वाक्य, आणि त्यात खोटं फार थोडं. घेणारा राजी, देणाऱ्याला जागा मोकळी. झाकली मूठ सव्वा लाखाची. भिंगवाल्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या आहेत.

"ठोकलेला आहे?" त्यांनी विचारलं.

"हो, वहिनी."

"बरं," त्या म्हणाल्या. ट्रे बाकावर ठेवला, डॉक्टरच्या कपात साखर घातली, ढवळली आणि आत गेल्या. दार अर्धवट उघडं राहिलं. बैठकीच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. चिडलेला नव्हता, नुसता दमलेला होता.

"मला तरी सांगायचं होतंत हो. मी काय घर सोडून गेले असते?"

उत्तर येणार नव्हतंच. पलंग करकरला, आणि घशातून काढलेला एक आवाज आला. त्याला शब्दाचा आकार नव्हता. पुन्हा आला, जरा मोठा.

भिंगवाल्यांना वाटलं, हा आवाज आपल्याला आता जन्मभर ऐकू येणार. आपण गप्प बसलो तर हा माणूस असाच ओरडत मरेल आणि सगळे म्हणतील, बघा, मनाला लागलं त्याच्या. त्यांना स्वतःची विलक्षण लाज वाटली. पेनाचं टोपण लावून ते आत गेले. डॉक्टर कप घेऊन मागे आला.

मालक उशीला टेकून बसलेले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, डोळे मात्र लखलखीत. भिंगवाले पलंगाजवळ जाऊन उभे राहिले. बसा म्हणायचं वहिनींना सुचलं नाही.

"साहेब, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तुम्ही इंजिन मशीन शॉपला पाठवलं होतं. तोंड घासायला. आठवतं?"

डोळे त्यांच्यावर खिळले.

"घासताना आकडा गेला. तो तुम्हाला न सांगता मी परत ठोकला. तुम्हाला कोरी पट्टी आणि चिठ्ठी मिळायला हवी होती. आकडा तोच आहे, इंजिनही तुमचंच, मी आधी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ठोकणारा हात माझा. तीन दोनदा पडलाय, तो माझ्याच हातून."

पहिलं भान आलं डॉक्टरला.

"काका, म्हणजे गाडी अस्सल आहे?"

"अस्सल आहे."

"आणि हे मी कुणाच्या शब्दावर मानायचं? आकडा ठोकणाऱ्याच्या?"

प्रश्न उद्धटपणानं विचारलेला नव्हता, आणि तो अगदी बरोबर होता. आपलेच दात, आपलेच ओठ. भिंगवाल्यांकडे ना छाप होता, ना मिस्त्री हयात होते.

"ते तुमचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "माझ्या शब्दाला सकाळी होतं तेवढं वजन आता नाही."

मग त्यांनी मोबाइल काढला, क्लबाच्या सेक्रेटरीला लावला आणि मालकांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू करून पलंगाच्या कडेवर धरला. सेक्रेटरीनं नेहमीच्या आदरानं चौकशी केली. भिंगवाल्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं, आत्ताच सांगितलं होतं तेच, फक्त या वेळी सावकाश. शेवटी म्हणाले, "मालकांना यातलं काही माहीत नव्हतं. यांचं नाव आजच्या आज यादीत परत घाला."

"ते घालू हो," सेक्रेटरी म्हणाला. "पण तुम्ही आमच्या सव्वादोनशे गाड्या तपासल्यात. त्यांचं काय करू मी आता?"

"दुसऱ्याकडून तपासून घ्या."

"आणि पुढच्या महिन्यात तुम्ही तपासणीला यायचं ठरलं होतं, ते?"

"त्यालाही दुसरा बघा," भिंगवाले म्हणाले. त्यांनी फोन ठेवला.

डॉक्टरनं चहाचा कप खाली ठेवला. गाडी आपण घेणार, भावही न उतरवता आधी बोललो तोच देणार, एवढं म्हणून तो उगाचच बाहेर गेला. तरुण होता, पण कुठे उभं राहू नये हे त्याला कळत होतं. भिंगवालेही निघाले. वहिनींची क्षमा मागावी म्हणून दाराशी वळले, तर वहिनी त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

"तुम्हाला काय बोलू, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमची चूक बावीस वर्षांच्या पोराची. मी सत्तरीची आहे. पंचेचाळीस वर्षं या माणसाशी संसार केला आणि एका उपऱ्याच्या पाच मिनिटांच्या बोलण्यावर तीन आठवडे यांना चोर समजले. जेवण भरवलं, कूस बदलली, सगळं केलं. पण मनात चोरच म्हणत होते. आणि यांना ते कळत होतं."

त्या पलंगावर नवऱ्याशेजारी बसल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "चुकलं माझं."

मालकांनी डावा हात उचलला. त्या हाताला अजून नीट नेम नव्हता. पहिल्यांदा तो वहिनींच्या खांद्यावर आपटला, दुसऱ्यांदा कानाला लागला. वहिनींनी तोंड बाजूला घेतलं नाही, हाताला धरून मदतही केली नाही. तो गालापर्यंत पोचून डोळे पुसेपर्यंत त्या तशाच थांबल्या.