शेवटच्या बाकामागची खुर्ची

मित्रांनो, माणसे मला बघून घाबरतात. मी वाघ नाही, इंजेक्शनची सुई नाही. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. तरीही मी वर्गाच्या दाराशी आले की बाकांवरची कुजबुज थांबते आणि फळ्याजवळच्या माणसाच्या हातातला खडू जागच्या जागी थबकतो. घाबरवणाऱ्याला भीती नसते असे तुम्हाला वाटत असेल, तर माझी हकीकत ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे नळी वाकवून माझे पाय केले, बसायचा पत्रा दाबयंत्राखाली घातला आणि चार रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांनी, सांधे जोडले. त्यातल्या उजव्या बाजूच्या पुढच्या रिव्हेटाचे भोक अर्ध्या मिलिमीटरने मोठे पडले. तपासणाऱ्याने मला एकदा उघडले, एकदा मिटले आणि पुढे ढकलले. एवढीच ती चूक.

आम्ही चाळीस भावंडे एका शाळेच्या सभागृहात आलो. माझ्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सतरा आकडा घातला. ते दिवस चांगले होते. बक्षीस समारंभात कुणाचे आजोबा माझ्यावर बसले आणि भाषणभर घोरले. टाळ्यांनी जाग आल्यावर सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. "केवढी मजबूत आहे हो ही!" असे म्हणून त्यांनी मला थोपटलेही होते.

पुढे सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. माझी एकोणचाळीस भावंडे भंगाराच्या गाडीत गेली. मी वाचले, कारण त्या दिवशी माझ्यावर उभे राहून कुणी तरी ऑफिसातला दिवा बदलत होते. गाडीत लोखंडावर लोखंड पडल्याचा आवाज मी तिथून ऐकला. तेव्हापासून माझ्या सांध्यांत भीती आहे, ती गेली नाही.

ऑफिस मुख्याध्यापिकेचे होते. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. शिक्षक कसे शिकवतात ते वर्गात बसून पाहायचे आणि नोंदवहीत शेरा लिहायचा, हे त्यांचे काम होते. वर्गांतले बाक लहान मुलांच्या मापाचे, म्हणून शेवटच्या बाकामागे ठेवायला मी उपयोगी पडले. शिपाईमामा मला बगलेत मारून पुढे चालत आणि मोठ्या बाई नोंदवही घेऊन मागून येत. शिक्षकांच्या खोलीत रोज सकाळी एकच विचारणा असे, "आज खुर्ची कुणाच्या राशीला बसलीय?"

आता त्या रिव्हेटाचे सांगते. माझ्यावर ताठ बसले तर मी गप्प असते. वजन पुढे सरकले की सांधा घासतो आणि 'करर' असा आवाज होतो. मोठ्या बाई बघताना ताठ बसत आणि लिहिताना पुढे झुकत. महिनाभरात सगळ्या शिक्षकांना उमगले की करर वाजले म्हणजे आपल्याबद्दल काही तरी लिहिले गेले. तो आवाज माझ्या अंगातून निघे आणि समोरचे माणूस वाक्याच्या मध्येच अडखळे. मी आवळून धरायचा प्रयत्न करी, पण लोखंडाला श्वास रोखता येत नाही.

शिक्षकांनी उपाय शोधला होता. मी येणार असे कळले की ते आदल्या दिवशीचाच पाठ पुन्हा शिकवत. सगळी उत्तरे पटापट येत. एकदा पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलेच, "बाई, हे तर काल झालं ना?" वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. आणि माझ्या सांध्यात करर वाजले.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. वीस वर्षे त्यांनी भाषा शिकवली होती, नंतर त्यांना या पदावर बसवले. दुसऱ्याचे शिकवणे कसे पाहावे हे मात्र त्यांना कुणी शिकवले नव्हते. वर्गात शिरल्यावर त्यांचे तळवे ओले होत आणि त्या ते माझ्या पत्र्याच्या कडेला पुसत. हे फक्त मला माहीत होते. मग त्या तीच तीन वाक्ये क्रम बदलून लिहीत: वर्गनियंत्रण सुधारावे. आवाज स्पष्ट हवा. फळ्यावरील अक्षर ठळक असावे.

त्या वर्षी गणिताला नव्या बाई आल्या. त्यांचे पहिले वर्ष कसोटीचे होते. वर्षात तीन पाठ पाहिले जाणार आणि तीन शेऱ्यांच्या नकला शाळा चालवणाऱ्या संस्थेकडे जाणार. दोन शेरे गेले होते, दोन्ही वाईट. तिसराही तसाच गेला तर वर्षाअखेर त्यांना घरी जावे लागणार होते. जिन्यात त्या एकदा म्हणाल्या, "मामा, ती खुर्ची जरा हळू आणत जा हो. नुसती दिसली तरी खडू हातातून सुटतो."

"बाई, मी तिला डोक्यावर घेऊन नाचत आणली तरी तिचा पायगुण तोच," मामा म्हणाले.

माझा पायगुण! चार पाय असून एकाचाही गुण चांगला निघाला नाही, याचे मला फार लागले.

तिसऱ्या शेऱ्याच्या आठवड्यात संस्थेने एक निवृत्त मुख्याध्यापक पाठवले. मुख्याध्यापकांना पाठ पाहायला शिकवणे हे त्यांचे काम. ते सतत काही तरी मोजत, म्हणून मुलांनी त्यांना मोजणीवाले आजोबा असे नाव ठेवले. सोमवारी सकाळी त्यांनी मोठ्या बाईंची नोंदवही उघडली.

"'वर्गनियंत्रण कमी' असं लिहिलंय. काय दिसलं होतं तुम्हाला?"

"गडबड होती."

"किती मुलं? काय करत होती?"

मोठ्या बाईंनी पान उलटून पाहिले. मग म्हणाल्या, "ते आता नाही सांगता येणार."

"मग बाईंनी नेमकं काय सुधारायचं?" आजोबांच्या आवाजात टोमणा नव्हता. "ताप आहे एवढंच सांगू नका, किती आहे ते सांगा. आज मत लिहायचं नाही. जे दिसेल, जे ऐकू येईल, तेवढंच लिहा. वेळेसकट."

मोठ्या बाई मन लावून शिकणाऱ्या. त्या दिवशी गणिताच्या वर्गात त्यांनी दिसेल ते सगळे लिहायला घेतले. म्हणजे त्या सतत पुढे झुकू लागल्या आणि मी सतत वाजू लागले. करर. गणिताच्या बाईंनी अर्धे उदाहरण पुसले. करर. त्यांनी तीनच्या जागी आठ लिहिला. करर. त्यांचा खडू मोडला. मुलेही आळीपाळीने मागे आणि पुढे बघू लागली. तास संपायला बारा मिनिटे असताना बाई म्हणाल्या, "वह्या काढा आणि... वाचा." गणितात काय वाचायचे, हे कुणीच विचारले नाही.

संपले, तिसरा शेराही वाईटच जाणार, असे मला वाटले. मी एका माणसाची नोकरी खाल्ली होती.

ऑफिसात मोठ्या बाईंनी आपला कागद टेबलावर ठेवला. आजोबा तासभर वर्गाच्या दाराजवळ उभे होते, तिथे त्यांनीही एक कागद लिहिला होता. तो त्यांनी शेजारी ठेवला. मोठ्या बाईंच्या कागदावर होते, 'दहा चौदा, उदाहरण अर्धवट पुसले.' आजोबांच्या कागदावर होते, 'दहा चौदा, करर.' एकीकडे 'दहा सतरा, आठ लिहिला.' दुसरीकडे 'दहा सतरा, करर.' अशा तेवीस नोंदी होत्या. त्यांतल्या एकोणीस वेळा गणिताच्या बाईंनी मान वर करून मागे पाहिले होते.

मोठ्या बाई दोन्ही कागदांवरून बोट फिरवत खाली गेल्या.

"म्हणजे मी जे पाहिलं ते..."

"ते तुम्ही तिथे बसल्यामुळे झालं. सगळं नाही, पण बरंच."

"खुर्ची बदलते मी. आजच."

माझा पत्रा गार पडला. मला ती गाडी आठवली.

"बदला की," आजोबा म्हणाले. "पण मऊ गादीची आणलीत तरी तुमचं पेन त्यांना दिसणारच. त्यांना खुर्चीची भीती नाही वाटत, बाई. तुम्ही काय बघताय ते ठाऊक नाही, याची वाटते. एकदा विचारून तर बघा."

मोठ्या बाईंनी मामांना हाक मारून माझ्या सांध्यात तेल सोडायला सांगितले.

बुधवारी तास सुरू होण्याआधी त्यांनी गणिताच्या बाईंना वऱ्हांड्यात गाठले. "आज मी काय बघू, ते तुम्ही सांगा."

गणिताच्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. हा नवा सापळा असावा असे त्यांना वाटले असणार. मलाही तसेच वाटले. शेवटी त्या कशाबशा म्हणाल्या, "मी प्रश्न विचारते, पण मुलं बोलत नाहीत. का, ते कळत नाही मला."

मोठ्या बाईंनी नोंदवही ऑफिसातच ठेवली. तासभर त्या ताठ बसून बोटांच्या पेरांवर मोजत होत्या. तास संपल्यावर दोघी रिकाम्या वर्गात बाकावर शेजारी बसल्या.

"तुम्ही चौदा प्रश्न विचारलेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "अकरा प्रश्नांची उत्तरं तुम्हीच दिलीत. मुलांना एक सेकंदसुद्धा मिळत नव्हता."

"अकरा?" गणिताच्या बाई म्हणाल्या. "मला शांतता सहन होत नाही हो. वाटतं, आत्ता दारात कुणी उभं असेल तर म्हणेल, हिला शिकवताच येत नाही."

"मीच म्हटलं असतं," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "उद्या एकच करा. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाच आकडे मोजा. मी पण मोजेन."

गुरुवारी पहिला प्रश्न विचारला गेला आणि वर्ग गप्प झाला. एक. दोन. मित्रांनो, पाच सेकंद किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळले. तीन. गणिताच्या बाईंनी टेबलाची कड पकडली. मोठ्या बाईंचे तळवे माझ्या कडेला लागले. चार. कुणीही काही बोलले नाही तर? पाच.

खिडकीजवळच्या, वर्षभर न बोललेल्या मुलीने हात वर केला. "बाई, उत्तर नाही येत. पण हातचा कुठून आला, तेच मला कळलं नाहीये." आणि पाठोपाठ तीन आवाज आले, "मलाही!" "मला पण!"

गणिताच्या बाईंनी फळा कोरा पुसला आणि हातच्यापासून सुरुवात केली.

शनिवारी शेरा लिहायचा होता. मोठ्या बाई त्या दिवशी माझ्यावरच बसल्या होत्या. त्यांनी बुधवारचे आकडे लिहिले, गुरुवारचे लिहिले आणि खिडकीजवळच्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला. मग मागची दोन पाने उलटली. जुन्या दोन्ही शेऱ्यांवर एकेक रेघ मारली आणि शेजारी लिहिले, 'हे शेरे मी पाठ नीट न पाहता लिहिले होते.' खाली सही केली आणि त्या पानांची नक्कल नव्या शेऱ्याबरोबर संस्थेकडे पाठवायला काढली. संस्था आता त्यांनाच जाब विचारेल, हे त्यांना ठाऊक होते.

संस्थेने विचारलाही. मोठ्या बाईंना दोनदा बोलावणे आले. गणिताच्या बाईंना कायम केले नाही, पण आणखी एक वर्ष दिले. ते वर्ष आता चालू आहे. त्या अजूनही चौदांतल्या चार प्रश्नांची उत्तरे स्वतःच देतात.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल आणि तुमच्यातल्या कुणाला तरी दुसऱ्याचे काम बघायला बसवतील. समोरचा घाबरलेला असेल, आणि कदाचित तुम्हीही. काम करणाऱ्याला स्वतःचे काम करताना दिसत नाही. तेवढ्यापुरते तुमचे डोळे त्याला उसने द्या. काय दिसले ते मोजून सांगा, आणि ते सांगायला त्याच्या शेजारी बसा. त्या वेळी मी रिकामी राहिले तरी मला चालेल.