नुसती इनिशियल्स

सदतिसाव्या पानावर 'बी.'नंतरच्या टिंबाने कागदाला भोक पाडलं होतं. टाइपरायटरवर बोट जोरात पडलं की असं होतं. भोकाचा व्यास अर्ध्या मिलिमीटरहून कमी. भिंगाखाली धरलं की कडेचे तंतू मागच्या बाजूला वळलेले दिसायचे. 'एल.'नंतरचं टिंब साधं, फिकट. पुढे टाइप केलं होतं : वय २१, तालुका अमळनेर, रसायनशास्त्र, तृतीय वर्ष.

डॉ. मोहोनींचा हा अहवाल १९९३च्या जानेवारीत आमच्या जळगावच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आला. समलिंगी आकर्षण असलेल्या चौदा जणांच्या मुलाखती त्यात होत्या. ती माणसं मी मिळवून दिली होती.

मी रसायनशास्त्र शिकवते. आठवड्यातून दोन दुपारी विद्यार्थी सल्ला केंद्रात बसायचं कामही माझ्याकडे होतं. परीक्षेची धास्ती, घरची भांडणं घेऊन मुलं यायची. काही जण आधी दार लावून घ्यायचे आणि मग हे आकर्षण सांगायचे. मोहोनी धुळ्याला मानसशास्त्र शिकवायचे. मूळचे पुण्याचे. ते म्हणाले, "मॅडम, जाहिरात लावून कोण येणार? तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा. तुम्ही सांगा." फॉर्मवर त्यांनी छापलं होतं, अहवालात फक्त क्रमांक येईल. इनिशियल्स लिहायची ती फॉर्म आणि मुलाखतीच्या पाकिटांची जुळणी करण्यापुरती.

माझ्याच वर्गातला भिकन लोटन पाटील फॉर्मपाशी पेन हातात घेऊन थांबला होता. "मॅडम, इनिशियल्स खरी लिहू?"

"लिही. काही होत नाही," मी म्हणाले.

आमच्याकडे एका वर्गात अकरा पाटील आणि सात चौधरी असतात. आडनावाने हाक मारली तर अर्धा वर्ग उभा राहतो. म्हणून प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे इनिशियल्सनीच ओळखतात. बी. एल. म्हणजे भिकन, त्यात दुसरा कोणी नाही. मला हॉस्टेलचा स्वयंपाकीसुद्धा के. डी. मॅडम म्हणतो. पुण्याच्या माणसाला जे आडोसा वाटलं, ते आमच्याकडे पूर्ण नाव होतं.

हे मला माहीत होतं. भिकनने फॉर्म भरण्याच्या पंधरा मिनिटांपूर्वीच मी माझा स्वतःचा फॉर्म भरला होता आणि त्यावर खोटी इनिशियल्स लिहिली होती. चौदांपैकी एक मी आहे. मुलाखतीला मी नाशिकला मोहोनींच्या मदतनीस बाईंकडे गेले होते, त्यामुळे मोहोनींनाही ते ठाऊक नव्हतं. स्वतःसाठी जी खबरदारी घेतली, ती मी भिकनला सांगितली नाही. का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

क्रमांक वाचायला रूक्ष वाटतात, म्हणून मोहोनींनी ऐन वेळी इनिशियल्स छापली.

अहवाल मंगळवारी आला. गुरुवारी कँटीनमध्ये कोणीतरी सदतिसावं पान मोठ्याने वाचलं.

"काय बी. एल., चहा घेतो का लाली-पावडर?"

"अरे, नवरी घोड्यावर बसते का रे अमळनेरला?"

भिकनने चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि तो बाहेर पडला. वार्षिक परीक्षेला नऊ आठवडे होते. तो परत आला नाही. शुक्रवारी त्याचे वडील, लोटन आबा, केंद्राच्या दारात उभे राहिले. आत या म्हटलं तर आले नाहीत.

"मॅडम, मना पोऱ्या कोठे शे?"

"मला माहीत नाही, आबा."

"बठ्ठा गावले समजनं. तुमले आधीच माहीत व्हतं ना?"

सगळ्या गावाला कळलं ते मला आधीच माहीत होतं. मी होकारार्थी मान हलवली. ते वळून निघून गेले. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. चार महिन्यांनी भिकनचं सुरतेहून कार्ड आलं. तो कापडाच्या रंगकामाच्या कारखान्यात लागला होता. माझ्या वर्गातला तो सर्वांत चांगला विद्यार्थी होता. कार्डावर पत्ता नव्हता.

आबा येऊन गेल्यावर लगेच मी धुळ्याला जाऊन मोहोनींना गाठलं होतं. त्यांनी चहा मागवला.

"नाव कुठं दिलंय मी? नुसती इनिशियल्स तर दिली."

"फॉर्मवर फक्त क्रमांक असं छापलं होतं."

"नंतर प्रत्येकाची तोंडी परवानगी घेतली होती की."

"भिकनची नव्हती घेतली. माझी—" मी थांबले.

"तुमची काय?"

"माझी माहिती तशी आहे."

ते हसले. "मॅडम, तुमच्या माहितीला काय अर्थ आहे? तक्रार करायची तर त्या चौदांपैकी कोणीतरी करावी लागते. मी अमुक, मी त्यातला, असं चारचौघांत सांगून. येतंय का कोणी? आणा. चहा निवतोय तुमचा."

चहा मी संपवला. कपबशी टेबलावर ठेवली आणि निघाले. त्या दिवसापासून चार वर्षं मी वाट पाहिली.

केंद्र मी सोडलं नाही. दर दिवाळीला मोहोनींना शुभेच्छापत्र पाठवलं. ते बढतीने रीडर झाले तेव्हा अभिनंदनाचं पत्र लिहिलं. एड्सच्या कामासाठी पैसा यायला लागला, आणि आज ना उद्या त्यांना पुन्हा माझ्याच दाराशी यावं लागणार, हे मला दिसत होतं. १९९७च्या जूनमध्ये ते आले. पाच जिल्हे, तीन वर्षं, मोठं अनुदान.

"तुमच्याशिवाय हे होणार नाही, मॅडम. चाळीस तरी माणसं द्याल?"

"साठ लिहा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्यासमोर बसून स्वतःच्या हाताने साठ लिहिलं. मला फार बरं वाटलं. इतकं, की रात्रीचं जेवण मी चवीने जेवले.

फक्त एक गोष्ट अडत होती. मी त्या चौदांतली आहे असं बोलले तर एकटी उघडी पडणार नव्हते. वरणगावला मंदा प्राथमिक शाळेत शिकवते. दर दुसऱ्या शनिवारी मी तिच्याकडे जाते. शेजारी मला तिची मावसबहीण समजतात. नऊ वर्षं त्यांनी दुसरा प्रश्न विचारलेला नाही.

अनुदान मंजूर करणाऱ्या समितीची बैठक धुळ्याला ठरल्यावर मी मंदाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मला शाळा सोडावी लागेल," ती म्हणाली.

"म्हणूनच मी विचारतेय."

"विचारत नाहीस. त्याला कसं मारायचं ते चार वर्षं ठरवतेयस. माझ्याशी बोलतानासुद्धा तोच असतो तुझ्या डोळ्यांत." तिने ताट बाजूला सारलं. "त्या पोराचं नाव तू वर्षभरात घेतलेलं नाहीस, कुमुद. मोहोनीचं रोज घेतेस."

निघताना ती म्हणाली, "बोलायचं तर बोल. शाळेचं मी बघते. पण बोलताना स्वतःला वगळू नकोस."

बुधवारी सकाळच्या एसटीने मी एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला पोचले. लांब टेबलाशी समितीचे तिघे बसले होते. अध्यक्ष इंदिराबाई, निवृत्त प्राध्यापक, बारीक आवाजाच्या. मोहोनींनी नवा कोट घातला होता. तासभर ते छान बोलले. माझ्याकडे हात करून म्हणाले, "या के. डी. मॅडम. आमचा सगळा डोलारा यांच्यावर."

सगळे हसले. मीही हसले.

इंदिराबाईंनी कागद उलटला. "आधीच्या अभ्यासाबद्दल एकच प्रश्न. सहभागी झालेल्यांपैकी कोणाची काही तक्रार?"

"एकही नाही," मोहोनी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

इंदिराबाईंनी पेनचं टोपण काढलं. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

"तक्रार आहे," मी म्हणाले. "त्या चौदांतली एक मी आहे. माझी कोणतीही परवानगी घेतलेली नव्हती. आणि दुसरी तक्रार माझ्याविरुद्ध आहे, तीही लिहून घ्या. भिकन लोटन पाटील या मुलाला मी, सगळं माहीत असताना, खरी इनिशियल्स लिहायला सांगितली."