सुमनअक्कांची चहाची अट

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला अजून नीट कळत नाही, आणि अक्षर असं की ओळ सरळ सुरू होते नि पानाच्या कडेला जाईपर्यंत उताराच्या पाण्यासारखी खाली ओघळते. ही वही मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. तरी कधी कुणाच्या हाती पडलीच, तर माझ्या चुकांना क्षमा करावी आणि जिच्याबद्दल लिहिलंय तिच्याकडे बघावं.

कोरड्या सरीत पाणी सोडलं की पहिल्यांदा पाण्याचा आवाज येत नाही, मातीचा येतो. भेगाळलेली माती पाणी आत ओढून घेते तेव्हा फार बारीक, चुरचुरल्यासारखा आवाज होतो. जवळ कुणी बोलत असेल तर तो ऐकूही येत नाही. सुमनअक्का बोलायला लागल्या की मला तोच आवाज आठवायचा. त्या काही सांगतायत असं वाटायचंच नाही, समोरची माणसं काहीतरी आत ओढून घेतायत असं वाटायचं.

अक्का इंदापूरच्या. मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापून निवृत्त झालेल्या, सातवी शिकलेल्या. पांढरं लुगडं, निळा काठ, मूठभर अंबाडा, खांद्याला कापडी पिशवी. उजव्या मनगटावर तव्याचा चटका बसलेला, कवडीएवढा डाग. माणसाच्या रागाविषयी बोलताना त्यांचा डावा हात आपोआप त्या डागावर जायचा आणि तो झाकून बसायचा, जसं आपण वाऱ्यात समईची ज्योत झाकतो.

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्या लोकांत वर्षावास असतो. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. दर रविवारी अक्का बारामतीच्या एसटीनं यायच्या, पिंपळीच्या फाट्यावर उतरायच्या आणि उन्हं तिरपी झाली की बोलायला उभ्या राहायच्या. मानधन घेत नसत. तिकीट दाखवायच्या आणि तेवढेच पैसे पदराच्या गाठीत बांधायच्या. तिकीट मात्र आमच्यापैकी कुणाच्या तरी हातात ठेवून जायच्या, हिशोब चुकायला नको म्हणून.

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडायला उठले, ती गोष्ट त्या दरवर्षी सांगायच्या. पण त्यांच्या तोंडून ती आमच्या डाव्या कालव्याची होऊन यायची. वरच्या अंगाला शाक्य, खालच्या अंगाला कोलिय, मधे एकच चारी आणि पाण्याची पाळी चुकलेली. एकदा मागून कुणीतरी विचारलं, "आन् अक्का, पाणी सोडणारा पाटकरी कुणाच्या बाजूला व्हता?" अक्का गंभीरपणे म्हणाल्या, "तो दोन्हीकडनं च्या पीत व्हता." सगळं विहार हसलं. हसू ओसरलं की त्या थांबायच्या, आणि त्या थांबण्यात शेजारच्या उसाची पानं सळसळलेली ऐकू यायची. मग हळूच म्हणायच्या, "पाण्याची किंमत जास्त का माणसाच्या रक्ताची, येवढंच तथागतांनी इचारलं. दोन्हीकडचं कुणीच बोललं न्हाई." एवढं सांगून त्या खाली बसायच्या.

मी मागच्या भिंतीला टेकून बसायची. चार माणसांत तोंड उघडायचं मला जमत नाही, लहानपणापासूनच. अक्कांना पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे काही न बोलता त्यांच्याजवळ जाता यायचं.

त्या वर्षी श्रावणात आमच्या पाळीच्या दिवशी दुपारी चारीवर तंटा झाला. आमचं रान चारीच्या शेवटाला. वरच्या अंगाला दत्तूआबांचा ऊस. आबांनी आमच्या पाळीत पाण्याचं दार आपल्याकडे वळवलं होतं. माझे मालक बोलायला गेले आणि आबांनी फावड्याचा दांडा त्यांच्या खांद्यावर हाणला. ह्यांच्या हातातही फावडं होतं. ह्यांनी ते खाली ठेवलं आणि घरी आले. हळद लावताना मी विचारलं, "तुमी काय क्येलं?" तर म्हणाले, "काय न्हाई. मला रोहिणी आठवली." आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

ते मला पोटात ठेवता आलं नाही. रविवारी पाण्याचा तांब्या देताना मी अक्कांना सगळं सांगून टाकलं. परक्या माणसाशी इतकं मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. अक्कांनी माझं मनगट धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

पुढच्या आठवड्यात गावानं शाळेच्या पटांगणात अक्कांचं भाषण ठेवलं. सगळ्या आळ्यांची माणसं, बाया, दूध घालून आलेले लोक, कर्णा, सतरंज्या. अक्का शांततेवर फार सुंदर बोलल्या. आणि शेवटी म्हणाल्या, "लांबचं कशाला सांगू? तुमच्याच गावात एक माणूस हाय. हातात फावडं असून त्यानं मार सोसला, हात उचलला न्हाई. त्याच्यासाठी टाळ्या वाजवा."

नाव घेतलं नाही त्यांनी. पण गावात खांद्याला फडकं बांधलेला माणूस एकच होता. टाळ्या वाजल्या. सुपात वाळकी चिंच पाखडावी तसा तो आवाज चारी बाजूंनी उडाला. ह्यांची मान खाली गेली. दोन ओळी सोडून दत्तूआबा बसले होते, तेही जमिनीकडे बघत होते. एकट्या अक्का तेवढ्या हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध डेअरीवर सुरुवात झाली. "या भगवान! डाव्या खांद्याचं झालं, उजव्याला कवा?" "किसना, मार खाल्ल्याचं बक्षीस काय गावलं रं, नारळ का टावेल?" हे किटली घेऊन मुकाट्यानं घरी यायचे. जो मार त्यांनी एकट्यानं गिळला होता, तो आता रोज पन्नास माणसांत त्यांना बसत होता. आठ दिवस त्यांनी तेही सोसलं. नवव्या दिवशी भर दुपारी फावडं घेऊन निघाले. मी मागं धावले. आबा विहिरीवर इंजिनाजवळ बसले होते. ह्यांनी फावडं उचललं. ते कुणावर उचललं होतं ते मला ठाऊक आहे, ह्यांनाही ठाऊक आहे. वरच्या वर ते वळलं आणि इंजिनावर आदळलं. पुन्हा, पुन्हा. पंप फुटला, नळी तुटली. आबा तसेच बसून होते, त्यांना उठताही आलं नाही.

तिसऱ्या प्रहरापर्यंत आबांचे पुतणे काठ्या घेऊन पारावर जमले आणि आमच्या वस्तीतली पोरंही बाहेर आली. आता एका खांद्याचा किंवा एका इंजिनाचा प्रश्न राहिला नव्हता. वस्ती आणि गाव समोरासमोर उभं होतं. कुणी एकानं दगड उचलला असता तरी पुरे होतं.

मी फाट्यावर गेले आणि इंदापूरच्या एसटीत बसले. एकटीनं केलेला माझा तो पहिला प्रवास. अक्का ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. मी उभ्याउभ्या म्हणाले, "अक्का, तुमच्या टाळ्यांनी झालं समदं." मग काय झालं ते सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. बराच वेळ त्यांचा हात त्या डागावर होता. मग उठल्या, पायांत चपला घातल्या आणि म्हणाल्या, "चल."

दिवस मावळता मावळता आम्ही परत आलो, तरी दोन्हीकडची माणसं तिथंच होती. अक्कांनी कर्णा लावू दिला नाही. पार आणि वस्ती यांच्या मधल्या रस्त्यावर जाऊन त्या उभ्या राहिल्या आणि इतक्या हळू बोलायला लागल्या, की ऐकू यावं म्हणून दोन्हीकडची माणसं चार-चार पावलं पुढं आली. काठ्या हातातच होत्या, पण टेकायला खाली आल्या.

"चूक माझी हाय," अक्का म्हणाल्या. "एका माणसानं राग गिळला व्हता. त्यो त्याचा त्याला पचवू द्यायचा. मी त्यो बाजारात मांडला. त्याला मखरात बसवलं आन् आबांना समद्यांम्होरं उघडं पाडलं. दोघांची बी मी गुन्हेगार हाय." त्यांनी आधी आबांना हात जोडले, मग ह्यांना.

मी पुष्कळ भाषणं ऐकली. पण बोलणारा स्वतःच खाली आलेला मी त्या एकदाच पाहिला. त्या दिवशी कुणीही टाळी वाजवली नाही.

मग तडजोड झाली. इंजिनाची भरपाई ह्यांनी द्यायची, उसाच्या बिलातून थोडी थोडी. पण अक्कांनी एक अट घातली. पैसे कुणाच्या हाती धाडायचे नाहीत. दरवेळी ह्यांनी स्वतः आबांच्या घरी जायचं, बसायचं, चहा प्यायचा आणि मग द्यायचे.

आबा वैतागले. "च्या कशाला मधी? पैसं टाकावं, मोकळं व्हावं."

"मोकळं व्हायचं न्हाई, आबा, म्हणूनच तर," अक्का म्हणाल्या.

माझ्या मनात एक काटा राहिला. त्यांना फाट्यावर पोचवताना मी विचारलं, "आन् ह्यांच्या खांद्याचं काय, अक्का? त्याची भरपाई कुणी करायची?" एसटी समोर येत होती. त्या म्हणाल्या, "त्ये पैशात बसत न्हाई, बाई. त्ये आबांचं आबांना कळंल. तवर वाट बघायची." आणि तिकिटाचे पैसे त्यांनी त्या दिवशी घेतले नाहीत. जाताना एक तिकीट मात्र माझ्या हातात ठेवून गेल्या.

पहिलं बिल आलं, हे गेले. परत आले तेव्हा मी त्यांचे हात बघितले. बोटं ओली होती. आबांच्या अंगणातल्या कोनाड्यात टवका उडालेला एक कप आमच्यासाठी वेगळा असायचा हे मला ठाऊक होतं. चहा पिऊन तो आपला आपण विसळायचा आणि पालथा ठेवायचा. वर्षानुवर्षांची रीत. अक्कांनाही ती ठाऊक असणार. चहाची अट त्यांनी उगीच घातली नव्हती.

दुसऱ्या वेळीही बोटं ओलीच. तिसऱ्या वेळी हे म्हणाले, "आज पाऊस व्हता, आबा म्हनलं, सोप्यात बस." बोटं ओली होती, पण पाय कोरडे होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एकदा हे पैसे देऊन आले. दारात पाण्याचा माठ होता, त्यांनी पाणी प्यायला हात पुढं केला आणि मला दिसलं, बोटं कोरडी होती. "कप?" मी विचारलं. "आबाच्या सुनंनं उचलला," हे म्हणाले, आणि आम्ही दोघं माठाजवळ उगीचच उभे राहिलो. दारातल्या शेवग्याची फुलं गळत होती. आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा ह्यांना किसना न म्हणता किसनराव म्हटलं होतं, ते मात्र त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं.

अक्कांना हे सगळं मी रविवारच्या रविवारी सांगायची. त्या ऐकायच्या आणि मान डोलवायच्या. पुन्हा कुठल्याही सभेत त्यांनी जिवंत माणसाची गोष्ट सांगितली नाही. त्यांचा आवाज त्या वर्षांत आणखी खाली आला. लोक म्हणायचे, अक्का थकल्या. मला वाटायचं, पाणी आता सरीच्या शेवटाला पोचलंय, तिथं ते असंच हळू चालतं.

गेल्या चैत्रात अक्का गेल्या. इंदापूरला आम्ही दोघं गेलो होतो. त्यांच्या मनगटावरचा डाग उघडा होता. झाकायला हात आता येणार नव्हता. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी तो पदरानं झाकला.

तेव्हा एकच हप्ता राहिला होता. डेअरीवर कुणीतरी ह्यांना म्हणालं, "आता कोन बघतंय? दे की पोराच्या हाती धाडून." हे किटली उचलून घरी आले.

आज सकाळी बिल हाती आलं. संध्याकाळी ह्यांनी धुतलेला सदरा घातला आणि मला म्हणाले, "तू बी चल." मी कधी गेले नव्हते. आबांच्या सोप्यात घोंगडी अंथरलेली होती. मी सुनेजवळ चुलीपाशी बसले. चार कप एकाच ताटलीत आले, चारही सारखे. चहा झाला. ह्यांनी पैसे पुढं केले. आबांनी मोजले नाहीत. तसेच धरून बसले. मग डोळे वर न करता म्हणाले, "तुमचं फिटलं, किसनराव. माझंच ऱ्हायलंय." आणि आपला हात त्यांनी ह्यांच्या डाव्या खांद्यावर, बरोबर त्या जागी ठेवला.

बाहेर रानात कुणीतरी पाण्याचं दार धरत होतं, माती पाणी पीत होती, तो बारीक आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. मी वळून बघितलं, जणू मागच्या भिंतीपाशी कुणी उभं असेल.

घरी येऊन ही वही काढली. वहीत अक्कांचं ते तिकीट आहे. त्याच्यावरचे आकडे उडून गेलेत, कुठून कुठवरचं होतं तेही आता वाचता येत नाही, नुसता पिवळा कागद राहिलाय. माणूस गेल्यावर काळ त्याचं एकेक अक्षर असं पुसत नेतो. पण ज्या गावाला तो पोचवून गेला, तिथं आपण उतरलेलो असतो. आज पैसे पूर्ण फिटले.