भुलीच्या सिस्टर

“सिस्टर, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय,” मावशीने ऑपरेशन थिएटरचं दार बोटभर उघडून सांगितलं. “तुमचे साहेब विचारतायत, अजून किती वेळ?”

सिस्टरांनी मान वर केली नाही. बाळ बाहेर आलं होतं, रडलंही होतं. पण टेबलावरच्या बाईचा श्वास अजून त्यांच्या हातात होता. रबरी फुगा दाबायचा, सोडायचा. देणगीत आलेलं नवं यंत्र दोन वर्षं व्हरांड्यात चादर पांघरून उभं होतं. त्याची नळी इथल्या सिलिंडरला बसत नव्हती.

“सांग, टाके चाललेत.”

सगळे त्यांना भुलीच्या सिस्टर म्हणत. नर्स म्हणून आल्या, सहा महिने भूल द्यायला शिकल्या आणि तिथेच अडकल्या. डॉक्टर रजेवर गेले तर बदली डॉक्टर येई. सिस्टर गेल्या की ऑपरेशनंच बंद. नवरा आणि सात वर्षांची मुलगी शहरात, सासूबाईंकडे. अकरा वर्षांनी बदलीचा हुकूम आला होता. त्यांच्या जागी नेमलेला माणूस सोमवारी आला, फुगा बघितला, व्हरांड्यातलं यंत्र बघितलं आणि आजारपणाची रजा टाकून दुपारच्या गाडीने परत गेला.

बाई शुद्धीवर आल्यावर डॉक्टर म्हणाले, “तुमच्या बदलीच्या कागदावर सही केलीय. थांबा म्हणायला मला तोंड नाही.”

सिस्टर चपला घालत होत्या, तेवढ्यात एक माणूस बारा-तेरा वर्षांच्या मुलीला उचलून घेऊन आत आला. पोट लाकडासारखं कडक. डॉक्टरांनी हात लावला तर तिला ओरडायचंही त्राण नव्हतं.

“आतडं फुटलंय,” ते कुणाकडेच न बघता म्हणाले. “शहर सहा तासांवर.”

मग ते बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि हात न धुता नुसतेच उभे राहिले.

सिस्टरांना राग आला. डॉक्टरांचा, त्या बापाचा, त्या पोरीचासुद्धा. एक तास आधी नाही, एक तास नंतर नाही. त्या टेम्पोपाशी गेल्या. नवरा दोरीची गाठ आवळत होता.

“अहो, एक केस आलीय.”

“एक रोजच असते.”

“लहान आहे हो. आपल्या पोरीपेक्षा थोडी मोठी.”

तो गाठीकडेच बघत राहिला. “घरी काय सांगू?”

“चार दिवसांत येते म्हणावं.”

“मागच्या वेळी तेच सांगितलं होतं. आता पोरगी विचारतही नाही.”

त्याने दंडाला धरून टेम्पोत बसवलं असतं तर त्या बसल्या असत्या. तो ओरडला असता तर त्यांनाही ओरडता आलं असतं. तो एवढंच म्हणाला, “जा. तिकडे उशीर होईल.”

अडीच तास लागले. उजव्या हाताला पेटके आले की डावा, डावा भरून आला की पुन्हा उजवा. मुलीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. द्यायचं नव्हतं, म्हणून सिस्टरांनी ओला कापूस तिच्या ओठांवरून फिरवला.

“टेम्पो गेला?” डॉक्टरांनी विचारलं.

“गेला असेल.”

“मी पुन्हा वर लिहितो. यंत्राचंही आणि माणसाचंही.”

“लिहा,” त्या म्हणाल्या. लहान मुलाला म्हणावं तसं.

ऊन उतरलं होतं. आवार रिकामं होतं. सामान टेम्पोतून गेलं, रात्रीपुरती वॉर्डातली एखादी खाट मागावी, असं ठरवून त्या कुलूप लावायला क्वार्टरकडे वळल्या.

पायरीवर सामान होतं. आवळलेल्या सगळ्या गाठी सोडून, खालचं वर काढून, पुन्हा बांधाबांध करायला नवऱ्याला बराच वेळ लागला असणार. एक गादी, एक उशी, स्टोव्ह, एक पातेलं, एक ताट, एक पेला. सगळं भिंतीच्या कडेला नीट लावून ठेवलेलं.